एक नंबर कोणाचा

त्या घरात टॉवेल वाळत घालायच्या दोरीवरसुद्धा वयाने जागा ठरलेल्या होत्या. खिडकीजवळचं उन्हाचं टोक सासऱ्यांचं. मग थोरल्या मुलाचा टॉवेल, मग धाकट्याचा, आणि भिंतीच्या सावलीत, जिथे कापड संध्याकाळपर्यंत दमटच राहायचं, तिथे धाकट्याच्या बायकोचा, म्हणजे धाकटीचा. आंघोळीचा क्रम तोच आणि वर्तमानपत्राचाही तोच. धाकटीच्या हातात पेपर यायचा तेव्हा बातम्या शिळ्या झालेल्या असायच्या आणि शब्दकोडं दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत चुकीचं सोडवलेलं असायचं.

सासऱ्यांना सगळी गल्ली अध्यक्ष म्हणायची. कधीकाळी ते इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष झाले होते. पुढच्या निवडणुकीत त्यांना स्वतःचं धरून दोन मतं पडली. दुसरं कोणाचं, याचा शोध ते अजून घेत होते. पद गेलं, पण बोलायचा सूर तेवढा राहिला. चहा हवा असला तरी ते ठराव मांडल्यासारखे बोलायचे.

घरचा धंदा शाळांच्या तक्त्यांचा. भिंतीवर टांगायचे मोठे रंगीत तक्ते: फुलाचे भाग, पचनसंस्था, ज्वालामुखीचा उभा छेद. चित्रं धाकटी काढायची. नावं आणि माहिती थोरले दीर टाकायचे. धाकटीचा नवरा तयार तक्त्यांना वरखाली पट्ट्या ठोकून शाळाशाळांतून पोचवायचा. आठवड्यातले चार दिवस तो गावोगावी असायचा आणि उरलेले दिवस गप्प असायचा. अध्यक्ष तपासायचे. तपासणं म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्याला फूटपट्टी लावून मथळ्याची अक्षरं मोजणं. ज्वालामुखीतून काय बाहेर येतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, मथळा ठसठशीत हवा.

चित्र काढणं एवढी एकच गोष्ट त्या घरात धाकटीची स्वतःची होती. बाकी सगळीकडे तिचा नंबर शेवटचा. कॉम्प्युटरसमोर बसून ती बेडकाचं काळीज रंगवायला लागली की मात्र तिच्या पुढे कोणी नसायचं. तेवढंच आता जायची वेळ आली होती.

झालं असं होतं की गेला महिनाभर घरातले कॉम्प्युटर एकमेकांना धडपणे ओळख देत नव्हते. कामाची रीत अशी की प्रत्येकाने आपलं काम अध्यक्षांच्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये टाकायचं. तिथून त्यांनी तपासायचं आणि मग छापखान्याला पाठवायचं. पण धाकटी फोल्डर उघडायला गेली की कधी तो मुकाट्याने उघडायचा, तर कधी अचानक नाव आणि पासवर्ड विचारायचा. घरचा पासवर्ड टाकला तरी त्याला तो पटायचा नाही. मध्येच इंटरनेटही जायचं आणि कोणी काही न करता परत यायचं.

नेमका महिन्यापूर्वीच धाकटीला चित्रांसाठी नवा कॉम्प्युटर घेतला होता. त्यामुळे निकाल लागायला वेळ लागला नाही.

"तुझा कॉम्प्युटर घरात आला आणि घर बिघडलं," अध्यक्ष म्हणाले.

त्या दिवशी सकाळी तर त्यांनी शेवटचंच सांगितलं. मानवी हृदयाचा तक्ता संध्याकाळी छापायला जायचा होता. बरेच दिवस खपून धाकटीने तो पुरा केला होता आणि आदल्या दिवसापासून तो तिच्याच कॉम्प्युटरवर अडकून पडला होता.

"आज दुपारी चारपर्यंत हृदय माझ्या फोल्डरमध्ये दिसलं नाही," अध्यक्ष म्हणाले, "तर चित्रांचं काम बाहेरच्या चित्रकाराला. मी बोलून ठेवलंय. तू पट्ट्या ठोकायला बस."

"बाबा, चित्र तयार आहे. पेनड्राइव्हवर घालून देते ना."

"पेनड्राइव्हने रोग येतो."

एकदा कोणत्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला होता, तेव्हापासून घरातले सगळे पेनड्राइव्ह त्यांनी आपल्या कपाटात कोंडले होते. किल्ली त्यांच्या बनियनच्या खिशात असायची.

"भावजींना बघायला सांगते मग."

"बघतोय तो. तो तज्ज्ञ आहे."

थोरल्या दिरांना घरात तज्ज्ञ म्हणत, आणि ते टोपणनाव आहे हे त्यांच्या एकट्याच्याच लक्षात आलेलं नव्हतं. पूर्वी कधीतरी शनिवार-रविवारचा कॉम्प्युटरचा वर्ग त्यांनी केला होता. प्रमाणपत्राला चौकट करून घेतली होती, आणि काचेवर धूळ बसू नये म्हणून चौकटीलाही प्लास्टिक घातलं होतं. त्यामुळे त्यावर नक्की काय लिहिलंय ते कोणाला वाचता येत नव्हतं.

तज्ज्ञांनी आल्या आल्या धाकटीचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही झालं नाही. मग त्यांनी तो पुन्हा बंद करून चालू केला, या वेळी जरा रागाने. मग कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला.

"हे बघ! खाऊन-पिऊन बसायचं, मग कॉम्प्युटर चालणार कसा?"

"भावजी, चुऱ्यामुळे पासवर्ड विचारतो?"

"तुला त्यातलं कळत नाही. काय दाबलंस काल?"

"काही नाही दाबलं."

"काहीतरी दाबल्याशिवाय असं होत नाही."

"तुमच्या कॉम्प्युटरवरूनही कधीकधी उघडत नाही ना फोल्डर?"

"माझ्याकडे उघडत नाही ते वेगळ्या कारणाने."

मग त्यांनी तिचं टेबल त्या भिंतीवरून या भिंतीला सरकवलं, कारण वाय-फायच्या लहरी सरळ रेषेत जातात म्हणे. टेबल सरकवताना त्यांच्या कंबरेत उसण भरली आणि तपास तिथेच थांबला. जाता जाता ते म्हणाले, "नंबर मी सगळ्यांना नीट दिलेत. त्यात चूक नाही."

या नंबरांची हकिकत मुळापासून सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येकाला पत्ता लागतो. हा पत्ता म्हणजे आकड्यांची एक माळ असते. एका घरातल्या सगळ्या यंत्रांची माळ सारखीच, फक्त तिचा शेवटचा आकडा ज्याचा त्याचा निराळा. हे आकडे माणसांनी वाटायची गरज नसते. राउटर म्हणून जो लुकलुकणारा डबा असतो, ज्यातून घरात इंटरनेट येतं, तोच जो येईल त्याच्या हातावर मोकळा असलेला आकडा ठेवतो आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. धाकटीचा नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी तज्ज्ञांनी हे जेवताना सहज सांगितलं, आणि तिथेच त्यांची चूक झाली.

"मग मला कितवा नंबर दिलाय?" अध्यक्षांनी विचारलं होतं.

"आज सदतीस दिसला, बाबा. उद्या बारा असेल. काहीही असतो."

"काहीही?" अध्यक्षांचा घास हातातच राहिला. "माझ्या घरात मी काहीही?"

त्याच संध्याकाळी तज्ज्ञांनी सगळ्यांना पक्के नंबर नेमून दिले. अध्यक्षांना एक, स्वतःला दोन, धाकट्या भावाच्या जुन्या लॅपटॉपला तीन आणि धाकटीला चार. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यावर नंबरची चिठ्ठी डकवली. अध्यक्षांची चिठ्ठी इतरांच्यापेक्षा मोठी होती. शिवाय नवा नियम झाला: सकाळी अध्यक्षांचा कॉम्प्युटर आधी चालू होईल, मग राउटरचं बटण दाबायचं, आणि त्यानंतर इतरांनी आपापले कॉम्प्युटर लावायचे. नंबराप्रमाणे.

घरात एक माणूस असं होतं की ज्याला नंबरच मिळाला नव्हता. त्या आत्याबाई, अध्यक्षांच्या थोरल्या बहीण. वयाने खरं तर त्याच सगळ्यांत मोठ्या. पण त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे हा अवघड प्रश्न उद्भवलाच नाही. आयुष्यभर त्यांनी पहिलीच्या वर्गाला शिकवलं होतं. मोठ्या माणसांशी बोलायचा त्यांना लवकर कंटाळा यायचा. मोठी माणसं प्रश्न विचारत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

दुपारी अध्यक्ष कॉम्प्युटर बंद करून आडवे झाले. तज्ज्ञ कंबरेला शेक घेत पडले. बाहेरच्या खोलीत धाकटी आणि आत्याबाई दोघीच होत्या. आत्याबाई मटार सोलत होत्या. धाकटी पडद्याकडे बघत होती. पडद्यावर तिचं हृदय होतं, निळं आणि तांबडं, झडपा उघडलेल्या, आणि त्याला जायला घरात सात पावलांवरची जागा सापडत नव्हती.

सवयीने तिने फोल्डरवर टिचकी मारली. आणि समोर पुन्हा ती चौकट आली: नाव सांगा, पासवर्ड सांगा.

तिने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. मग ती थांबली. मान वळवून तिने अध्यक्षांच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. दिवा विझलेला होता, पंखा थांबलेला होता. तिने उठून खात्रीसाठी भिंतीतलं बटणही पाहिलं. तेही बंद.

"आत्या," ती म्हणाली, "बाबांचा कॉम्प्युटर बंद आहे."

"असू दे बाई. तेवढीच घराला शांतता."

"तसं नाही. बंद आहे, तरी पासवर्ड विचारतोय."

आत्याबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "घरात माणूस नाही आणि आतून 'कोण आहे' म्हणून आवाज येतोय?"

"तेच म्हणते मी."

"मग आत दुसरं कोणीतरी आहे. बघ ना कोण आहे ते. बसलीस काय?"

धाकटीने गावाला गेलेल्या नवऱ्याचा घरी ठेवलेला लॅपटॉप पाहिला, तो तर पिशवीतच होता. तज्ज्ञांचा कॉम्प्युटर बंद. तिचा स्वतःचा सोडला तर घरात जागं असलेलं यंत्र एकच होतं: फळीवर लुकलुकणारा तो डबा. तिने त्याची पिन काढली आणि पुन्हा टिचकी मारली. कोणीही काही विचारलं नाही. पडदा नुसता ताटकळत राहिला. पिन लावली, डबा जागा व्हायची वाट पाहिली, टिचकी मारली. नाव सांगा, पासवर्ड सांगा.

स्टुलावर चढून तिने डबा उचलला. अध्यक्ष रोज ओल्या फडक्याने तो पुसून घ्यायचे, त्यामुळे खालच्या कागदावरची अक्षरं जवळजवळ धुऊन गेली होती. वाय-फायचं नाव गेलं होतं, पासवर्डही गेला होता. पण कारखान्यातून येताना डब्याला मिळालेल्या पत्त्याची माळ अजून अंधुक दिसत होती. तिचा शेवटचा आकडा एक होता.

"अग्गं बाई," धाकटी स्टुलावरूनच म्हणाली. "एक नंबर आधीपासूनच याचा आहे. बाबांना दिला तो याचाच उचलून दिला."

"वर्गात एका हजेरी नंबराला दोन पोरं 'हजर' म्हणतात, तसं झालं तर," आत्याबाई म्हणाल्या. "मी एकाला हाक मारावी आणि ओ दुसऱ्यानेच द्यावी. मग वही तपासून द्यायची कोणाची?"

"हो! मी बाबांना हाक मारते आणि हा ओ देतो. याला आमचा फोल्डर माहीत नाही, आमचा पासवर्डही माहीत नाही. हा आपला बिचारा म्हणतो, तू कोण?"

"आणि कधीकधी उघडतं ते?"

"तेव्हा बाबा आधी ओ देतात."

आत्याबाई मनापासून हसल्या. "पोरी, अगदी लख्ख सांगितलंस. आता हेच त्याला सांग. आणि मला आधी नीट बसू दे. मला हे बघायचंय."

अध्यक्ष उठले, तोंड धुऊन आले, आपल्या खुर्चीत बसले. तज्ज्ञ कंबर धरून दारात उभे राहिले. धाकटीने जे घडलं ते जसंच्या तसं, आत्याबाईंच्या हजेरीच्या दाखल्यासकट सांगितलं, आवाज न चढवता. पिन काढून दाखवली, लावून दाखवली, डब्याचा तळ दाखवला.

"म्हणजे माझा नंबर या डबड्याने घेतलाय," अध्यक्ष म्हणाले.

"नाही बाबा. त्याचा तुम्ही घेतलाय. तो आधीपासून आहे."

"सकाळी कॉम्प्युटर लावलास की काही सांगत नाही का तो?" आत्याबाईंनी विचारलं.

"एक पिवळा त्रिकोण येतो कधीमधी."

"त्यात काय लिहिलेलं असतं?"

"मला काय माहीत? हा म्हणाला, फुली दाबायची. मी फुली दाबतो."

"लिहिलेलं वाचायचं नाही, फुली मारायची," आत्याबाई म्हणाल्या. "बाळ्या, तू शाळेतही अस्साच होतास रे."

गल्लीत कोणी त्यांना बाळ्या म्हटलेलं ऐकलं असतं तर अध्यक्षांनी घर बदललं असतं. ते तज्ज्ञांकडे वळले. "त्यात काय असतं लिहिलेलं?"

तज्ज्ञांनी छताकडे पाहिलं. "असतं की... हा नंबर दुसऱ्या कोणाकडे तरी आहे, असं."

"तुम्हाला माहीत होतं?" धाकटी म्हणाली.

"दिसलं होतं एकदा. पण बाबांना एकच हवा होता. मला वाटलं, दोघं आपापसात सांभाळून घेतील."

महिनाभर हा माणूस तिचा कीबोर्ड उलटा करून झटकत होता. बिस्किटाचा चुरा बोटावर घेऊन सासऱ्यांना दाखवत होता. आणि आता कंबरेला हात लावून असा उभा होता, जणू दुखणं त्यालाच झालंय.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही पाच घ्या, पन्नास घ्या, कोणताही मोकळा आकडा घ्या. एका मिनिटाचं काम आहे. तक्ता लगेच तुमच्या फोल्डरमध्ये येईल."

"पन्नास!" अध्यक्ष म्हणाले.

"अहो, आकडा आहे तो. त्याने लहानमोठं काही होत नाही."

"होत नाही ना? मग त्यालाच द्या पन्नास."

असं नव्हतं की त्यांना कळलं नव्हतं. खरी गंमत तीच होती. त्यांना सगळं स्वच्छ कळलं होतं. हजेरीचा दाखला तर त्यांनी मान हलवून मान्य केला होता. न कळणाऱ्या माणसाला दहा वेळा सांगता येतं. कळून बसलेल्याला काय सांगणार?

"त्याला बदलता येतो," तज्ज्ञ पुढे सरसावले. कंबर एकदम बरी झाली. "मी बदलतो."

"भावजी, त्याच्या आत शिरायला त्याचा पासवर्ड लागेल. आहे तुमच्याकडे?"

"नसला तरी मागे एक भोक असतं. त्यात टाचणी घातली की नवा होतो."

"नवा होतो म्हणजे आतलं सगळं पुसलं जातं! वाय-फायचं नाव, पासवर्ड, इंटरनेटवाल्यांनी भरून दिलेलं सगळं. तळाचा कागदही पुसलाय. भावजी, नका..."

तज्ज्ञांनी टाचणी घातली. डब्याचे सगळे दिवे विझले, मग एकेक करून लागले. इतका वेळ जे अर्धवट चालत होतं ते आता मुळीच चालेना. घरच्या वाय-फायचं नाव कोणत्याही पडद्यावर दिसेना. त्याच्या जागी कारखान्याचं कसलंतरी अगडबंब नाव दिसायला लागलं, आणि त्याचा पासवर्ड फडक्याबरोबर केव्हाच मोरीत गेला होता. इंटरनेटही गेलं.

"आता नंबर काय झाला त्याचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"नवा झाला की तो पुन्हा मूळच्या नंबरावरच येतो," धाकटी म्हणाली. "एक."

आत्याबाईंना ठसका लागला. पाणी आणायला कोणी उठलं नाही.

घड्याळात चार वाजून गेले होते. अध्यक्षांनीही घड्याळ पाहिलं, आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"चार वाजले. तक्ता आला नाही. ठरल्याप्रमाणे काम बाहेर."

क्षणभर धाकटीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. मग तिला कळलं, आलंय. इतक्या वेळात पहिल्यांदा तिला रडू येईल असं वाटलं, आणि ते येऊ नये म्हणून ती खाली बसून आपल्या कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी काढायला लागली.

"काय करतेस?"

"छापखाना सहाला बंद होतो, बाबा. तक्ता पोचवते."

"माझ्या तपासणीशिवाय?"

"तुमच्यापर्यंत यायला रस्ता कुठे ठेवलाय तुम्ही?"

कॉम्प्युटरचा डबा जड होता. आत्याबाईंनी आपली चाकांची बाजाराची पिशवी रिकामी केली, मटार टोपलीत ओतले, पिशवीत जुनी शाल अंथरली आणि डबा त्यात उभा केला. मग चपला घातल्या.

"ताई, तू कुठे निघालीस?" अध्यक्ष म्हणाले.

"तक्ता तपासायला. घरात वयाने चालतं ना सगळं? मग थोरली कोण आहे, सांग बघू."

अध्यक्षांना उत्तर येत होतं. त्यांनी फूटपट्टी उचलून टेबलावर सरळ ठेवली.

छापखाना दोन चौक पलीकडे होता. पिशवीचं एक चाक कुरकुरत होतं, आणि पदपथावर उंचवटा आला की दोघी मिळून ती उचलून घ्यायच्या. वाटेत धाकटी अखंड बोलत होती. महिनाभर साचलेलं सगळं बाहेर पडत होतं. नाक इतकं वर की खालचा त्रिकोण दिसत नाही. आपली चूक दिसली तर झाकायची, आणि दुसऱ्याची नसली तर शोधायची. मथळे मोजतात! हृदय कुठल्या बाजूला असतं ते तरी माहीत आहे का त्यांना? आत्याबाई हूं हूं करत होत्या. त्यांचं लक्ष चाकाकडे होतं.

छापखान्याचा मालक हातावरची शाई पुसत बाहेर आला. पिशवीतून कॉम्प्युटर निघालेला पाहून त्याने काही विचारलं नाही. या घराचं त्याला बरंच काही माहीत असावं. वायरी जोडल्या, हृदय त्याच्या मोठ्या पडद्यावर उघडलं. घरी टेबलावर ते मुठीएवढं दिसायचं. इथे ते परातीएवढं झालं.

"झकास आहे," मालक म्हणाला. "पण अध्यक्षांचा फोन नाही आला. तपासलंय कोणी?"

"मी आता तपासणार आहे," आत्याबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. चष्मा पुसला. एक बोट पडद्यावर ठेवलं आणि पहिलीतलं पोर वाचतं तसं, वाहिनीवरून बोट फिरवत त्या निघाल्या. शरीराकडून आलेलं निळं रक्त वरच्या उजव्या कप्प्यात. तिथून झडपेतून खाली. खालून...

बोट थांबलं.

"पोरी, इथून रक्त कुठे जातं?"

"फुप्फुसांकडे. शुद्ध व्हायला."

"मग हा बाण हृदयाकडे का बघतोय?"

"असं कसं होईल? मी तो तक्ता कितीदा..." धाकटीच्या तोंडून निघून गेलं. शब्द तिच्या कानावर पडले. सूर ओळखीचा होता. दोन चौक मागे राहिलेल्या एका खुर्चीतून तो रोज ऐकू यायचा. तिचे कान तापले. मालक बाजूलाच उभा होता आणि शाईचं फडकं घडी करत सगळं ऐकत होता.

ती पडद्याजवळ गेली. निळ्या वाहिनीत, जिथे रक्त हृदयातून बाहेर पडायचं, तिथे तिने काढलेला बाण ऐटीत आत शिरत होता. या चित्रावर विश्वास ठेवला असता तर कोणतंही पोर पाच मिनिटांत मेलं असतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "उलटा आहे."

"हां. कर मग सुलटा."

आत्याबाई एवढंच म्हणाल्या. त्यांनी ना डोळे मोठे केले, ना पुढे काही शिकवलं. पहिलीच्या वर्गात रोज कोणाचं ना कोणाचं अक्षर उलटं यायचं, आणि ते खोडून नीट काढलं की त्या पुढच्या पाटीकडे वळायच्या. धाकटीने बाण फिरवला. मग उरलेले सगळे बाणही तिने पुन्हा एकेक करून पाहिले, आत्याबाईंचं बोट पुढे आणि तिची नजर मागे. ते सगळे बरोबर होते.

"घ्या छापायला," आत्याबाई मालकाला म्हणाल्या. "आणि कोणी विचारलं तर सांगा, घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने तपासलंय."

"अध्यक्षांनी?"

"त्याच्याहून मोठ्या."

मालक हसला. "पुढचा तक्ता कोणता आहे?" हे त्याने धाकटीला विचारलं, आत्याबाईंना नाही.

"मूत्रपिंड."

"झाला की असाच आणा इकडे. त्या फोल्डरच्या भानगडीत माझीही मशीन ताटकळते. चित्र तुमचंच असू द्या म्हणजे झालं. बाहेरचा मनुष्य नेमणार, असं कानावर आलं होतं. त्याचं काम पाहिलंय मी. त्याच्या बेडकाला गुडघे नसतात."

दोघी घरी पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. अध्यक्ष आपल्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्याच्या कोपऱ्यावर मोठ्या अक्षरातला एक झळकत होता. इंटरनेट नव्हतं, वाय-फाय नव्हतं, फोल्डर रिकामा होता. त्या पसाऱ्यात आता त्यांच्या वर कोणी नव्हतं, खाली कोणी नव्हतं, आजूबाजूलाही कोणी नव्हतं. तज्ज्ञ स्टुलावर उभे राहून डब्याच्या मागचं भोक पुन्हा शोधत होते.

"गेला का तक्ता?" अध्यक्षांनी मान न वळवता विचारलं.

"गेला. छपाई चालू झालीय."

"मथळा मोजला कोणी?"

"नाही, बाण मोजले. एक चुकला होता माझा. आत्यांनी दाखवला, मी फिरवला."

चूक झाली होती आणि करणारा ती स्वतःहून सांगतोय, हे अध्यक्षांना जरा विचित्र वाटलं असावं. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला त्यावर रागवायचं की नाही, हे त्यांना पटकन ठरवता आलं नाही.

"त्या चित्रकाराला नाही म्हणून कळव," आत्याबाई चपला काढत म्हणाल्या. "छापखानेवाल्याला त्याचे बेडूक नकोत. पुढचं मूत्रपिंडही हिच्याकडूनच मागितलंय त्याने."

धाकटीने कॉम्प्युटर पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. पडदा लावला. स्टुलावरून तज्ज्ञ वाकून म्हणाले, "थांब, डबा जमला की तुला परत जोडून देतो. चार नंबर तुझाच ठेवलाय."

"नको, भावजी," धाकटी म्हणाली. "राहू दे मोकळा. मला चालत जायला जमतं."

तिने नवीन पान उघडलं आणि मूत्रपिंडाची बाहेरची रेघ काढायला घेतली.